मागच्या बाकावरचं लाल जाकीट

गुरुवार बायकांचा. त्या दिवशी एम्बोलेनीच्या चर्चमध्ये पुरुषांचं काही चालत नसे. लाल जाकीट, पांढरी कॉलर, काळा स्कर्ट, डोक्याला पांढरी टोपी अशा बायका टेकडी चढू लागल्या की पायवाटेवर डाळिंब फुटल्यासारखं दिसे.

नोलुंडी आपली विटक्या निळ्या झग्यातच चढायची. जाकीट मिळे ते लग्न झालेल्या बाईला, आणि नोलुंडीचं लग्न व्हायचं राहून गेलं होतं. तिचा माणूस जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत गेला होता, तिच्या बापाला द्यायची देजाची गुरं घेऊन येतो म्हणून. तो आला नाही, गुरंही आली नाहीत. पोटातलं लेकरू मात्र वेळेवर आलं. त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या एका वडीलधाऱ्यानं तिला फक्त बोट दाखवलं. दाराजवळचा, सगळ्यांत मागचा बाक. बिनलग्नाच्या आयांचा.

त्या बाकावर पुष्कळ जणी आल्या नि गेल्या. कुणाचं लग्न लागलं, कुणी चिडून दुसऱ्या चर्चमध्ये गेली. नोलुंडी राहिली. लेक मोठी होऊन शहरात गेली, केस पांढरे झाले, तरी बाक तोच. पण खोटं कशाला सांगायचं, त्या बाकानं तिला दिलंही खूप. दाराची झुळूक तिथेच यायची. उपासना चालू असताना रडणारं पोर मागे पाठवलं जायचं, ते तिच्याच मांडीवर शांत व्हायचं. अर्ध्या गावाची पोरं तिनं थोपटली होती. प्रत्येक मयताला, प्रत्येक सणाला मक्याच्या कण्या नि घेवड्याचं मोठं पातेलं तिच्याच हातचं. जे मिळालं त्याबद्दल ती रोज देवाचे आभार मानी. मागणं एकच होतं आणि तेही ती कधी मोठ्यानं बोलली नाही: मरताना अंगावर लाल जाकीट असावं. जाकीटवालीच्या मयताला साऱ्या जाकीटवाल्या येत, तिला आंघोळ घालत, गात गात पोचवत. बाकावरचीला घरचे चार जण.

देशात काळ्या-गोऱ्या सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा मतदान केलं, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. जाकीटवाल्यांच्या मंडळाची प्रमुख होती माटोलो. लहानपणी दोघी एकाच झऱ्यावर पाणी भरायच्या, पण नियम म्हणजे नियम. त्या वर्षी नव्या पाळकबाई आल्या होत्या. तरण्या, लांबच्या मुलखातल्या. गाव अजून त्यांच्या ओळखीचं व्हायचं होतं.

जाकीट द्यायचा गुरुवार उजाडला. चार नव्या सुना वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसल्या. प्रत्येकीपुढे घडी घातलेलं जाकीट, प्रत्येकीमागे तिची सासू. प्रार्थना सुरू झाली. तिथली प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी एकदम, मोठ्यानं, डोळे मिटून. जो तो आपलं गाऱ्हाणं आपल्या आवाजात मांडणार. छपराचा पत्रा थरथरायचा.

एवढ्यात टोकाची सून नोमोन्डे तोंडाला हात लावून कठड्याजवळच्या बाजूच्या दारानं बाहेर पळाली. तिला दिवस गेले होते. सासू तिच्यामागे धावली. नोलुंडीनं बाकावरून पाहिलं, मग पाण्याचा पेला घेऊन ती त्याच दारानं पोरीला गाठायला निघाली. कठड्यापाशी पोचली तोच प्रार्थनेला जोर चढला. अशा वेळी उभं राहायचं नाही, जिथे असाल तिथेच गुडघे टेकायचे, ही तिथली रीत. ती टेकली. नोमोन्डेच्याच रिकाम्या जागी.

पाळकबाई अर्धे डोळे मिटून ओळीनं येत होत्या. चौथं जाकीट त्यांनी उचललं.

"पेला खाली ठेवा, आई. हात घाला बाहीत."

"अहो पाळकबाई, मी नव्हे," नोलुंडी कुजबुजली.

"आपल्यापैकी कुणीच लायक नसतं, आई," पाळकबाई प्रेमानं म्हणाल्या, आणि दुसरा हातही बाहीत घातला.

जाकीट घट्ट होतं. पाळकबाईंनी एकेक करत पाचही बटणं लावली, डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद म्हटला. आमेन झालं. सगळ्यांनी डोळे उघडले.

शांतता अशी की बाहेर नोमोन्डेची उलटी ऐकू आली.

"नोलुंडी! हे काय?" माटोलो पुढे झाली.

नोलुंडी उठली. गप्प बसली असती तरी चाललं असतं. चूक तिची नव्हतीच. पण तिला तसं येत नव्हतं. "पाळकबाई, तुमची चूक झाली. माझं लग्न झालेलं नाही. मी मागच्या बाकावरची."

पाळकबाईंचा चेहरा पडला, मग हळूहळू सावरला. "मी देवाचं नाव घेऊन आशीर्वाद दिलाय. तो परत कसा घेऊ?"

बायकांत कुजबूज उठली. प्रार्थना करून बटणं लावलेलं जाकीट घरी पोचेपर्यंत काढत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चर्चमध्ये काढणं म्हणजे घोर अपशकुन. नोमोन्डे दारातून आत येत तोंड पुसत म्हणाली, "राहू द्या आजींना. मला पुढच्या खेपेला मिळेल. नाहीतरी आता ते माझ्या पोटावर बसायचं नाही."

हशा पिकला. माटोलोनं घसा खाकरला. ती दुष्ट नव्हती, फक्त नियम मोडला की तिला छप्पर कोसळल्यासारखं वाटायचं. "ठीक आहे. नोलुंडी म्हातारी झाली, आपल्यासाठी राबली. तिच्यापुरतं दया म्हणून चालवून घेऊ. पण हिचं पाहून बाकीच्यांनी आशा धरायची नाही."

नोलुंडीनं मागे पाहिलं. बाकावर झोलेका होती, पदरी दोन पोरं. तिच्याशेजारी आणखी दोघी. तिघींनी माना खाली घातल्या होत्या. आयुष्यभर मागितलेली गोष्ट अंगावर होती, छातीशी घट्ट बसली होती.

"मग नको गं," ती म्हणाली. "मतदानाच्या रांगेत मला कुणी लग्नाचा कागद विचारला नाही. देवाच्या घरात दया म्हणून घालू होय? या पोरी खाली बघतील नि मी लाल घालून मिरवू?" आणि तिनं वरच्या बटणाला हात घातला.

"काढू नकोस!" माटोलो किंचाळली. धावत येऊन तिनं नोलुंडीचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च धरले. "वेडी झालीस? इथे? आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर संकट आणतेस?"

"मग या तिघींचं काय ते सांग."

"ते चर्चच्या समितीपुढे जाईल. समिती विचार..."

तेवढ्यात नोमोन्डेच्या सासूनं गाणं धरलं. जाडजूड बाई, आवाज ढोलासारखा. बोलणारा लांबण लावू लागला की त्याला गाण्यानं बसवायचं, हा त्या बायकांचा जुना हक्क. एकदा गाणं उठलं की राजानंही थांबायचं. साऱ्या जणी उठल्या, टाळ्या आल्या, पायांचा ठेका आला.

कडवं संपलं. माटोलोनं तोंड उघडलं, "समिती..." आणि गाणं पुन्हा उठलं, दुप्पट जोरानं. आता पाळकबाईही टाळ्या वाजवत होत्या. तिसऱ्यांदा माटोलोनं श्वास घेतला तर कुणीतरी मागून ओरडलं, "गा नाहीतर बस, माटोलो!"

माटोलोचा खालचा सूर साऱ्या तालुक्यात नावाजलेला. गाणं चाललंय नि तो सूर लागत नाही, हे तिलाच सोसेना. आधी तिचा पाय हलला. मग ओठ. मग तो भरदार सूर सगळ्यांच्या खालून वर आला, आणि तरीही तिनं नोलुंडीचे हात सोडले नव्हते.

गाणं विरलं. माटोलो मागच्या बाकाकडे बघत करवादली, "ए पोरींनो, ईस्टरच्या आत मापं देऊन जा. कापड आपापलं आणायचं, मंडळ फुकट वाटत नाही! आणि समितीला मीच सांगेन, माझ्या तोंडून ऐकतील तरी."

झोलेका रडू लागली, तशी तिची दोन्ही पोरंही.

नवं जाकीट घातलेलीनं दोन शब्द बोलायचे असतात. पाळकबाईंनी नोलुंडीला पुढे केलं. कित्येक वर्षं चुलीपुढे बसून तिनं हे शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवेना.

"देवा, तुझे आभार," ती म्हणाली. थोडी थांबली. "आणि माटोलो, तुझेही. तू हात धरले नसतेस तर मी खरंच काढलं असतं गं. मग मला मरेपर्यंत झोप आली नसती."

माटोलोनं डोळे पुसले. "गप बस. कॉलर वाकडी झालीय तुझी," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं ती सरळ करू लागली.