सोळावं घर

मंगळवारी सकाळी चौदा नंबर वॉर्डातली एकतीस घरं आपापल्या जागेवरून उठली आणि मिळकतीप्रमाणे रांगेत उभी राहिली. सगळ्यांत गरीब घर ओढ्याच्या टोकाला, सगळ्यांत श्रीमंत घर पाण्याच्या टाकीखाली. पाहणी संपली की घरं अशी उभी राहतातच. मग अलीकडची पंधरा आणि पलीकडची पंधरा सोडायची, मधलं सोळावं धरायचं, आणि त्या घराची मिळकत तीच वॉर्डाची मिळकत म्हणून लिहायची. इतक्या बेतानं घरं सरकली की कुणाच्या चुलीवरचं दूधही उतू गेलं नाही.

पाहणी करणारी शशिकला पाटोळे पिशवी काखेत मारून घरं मोजत निघाली. बारा वर्षं ती हेच काम करत होती. लोक मिळकत कमीच सांगतात, रेशनकार्ड जायची धास्ती. शेवटी झाकली मूठ सव्वा लाखाची. पण दारातल्या चपला आणि चुलीवरचं पातेलं बघून खरा आकडा ओळखावा तो शशिकलानंच. सोळाव्या घरापाशी ती आली आणि तिथंच थबकली.

ते घर कुलूपबंद होतं. पाहणीच्या वेळीही बंदच होतं. तीन हेलपाटे झाले, ऊन मी म्हणत होतं. शेवटी शेजारच्या अनसूयाकाकूंच्या ओट्यावर चहा पिता पिता तिनं विचारलं होतं, "इथं कोण राहतं हो?" काकू म्हणाल्या, "असतील चार जण. लिहा की चार." तिनं पाहणीच्या अर्जात चार लिहिले. नवरा, बायको, म्हातारी आणि सात वर्षांची मुलगी. मिळकत बारा हजार. धंदा काही सुचेना, तो रकाना तिनं कोराच ठेवला. एखाद्या घराचं असं सगळेच करतात हो! तेच घर मधोमध येऊन उभं राहील, हे कुणाच्या ध्यानीमनी असतं?

आता त्या घराच्या भिंती हलत होत्या. आत यायच्या, थांबायच्या, पुन्हा बाहेर जायच्या. तिचे वरिष्ठ काळसेकर साहेब भिंतींना मोजायची टेप लावून बसले होते.

"नऊ हजार ते पंधरा हजार," ते म्हणाले. "एवढा फरक चालत नाही, बाई. आत जाऊन खरा आकडा आणा. नाहीतर घर बंद होतं असं लिहा आणि अर्ज खोडा. पाचच्या आत."

"खोडला तर?"

"तर ते घर नाही."

शशिकलानं अर्ज कुलपाला लावला. कुलूप उघडलं.

आत चौघं ताटांवर बसली होती. नवरा हात मांडीवर ठेवून होता. रोज सकाळी निघायचं कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं. भिंती बाहेर गेल्या की खोलीला खिडकी यायची, पंखा फिरायचा, ताटात वरण यायचं. आत आल्या की खिडकी बुजायची आणि ताटात नुसती भाकरी उरायची, तीही अर्धी. म्हातारी वरण आलं की घाईघाईनं दोन घास घ्यायची.

"ताई, आमची मिळकत किती?" बायकोनं विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"आम्हाला कोण सांगणार? लिहिलंय तुम्ही."

मुलगी उठून शशिकलाजवळ आली. तिच्या फ्रॉकचा रंग ठरलेला नव्हता. "मावशी, आम्हाला खोडणार का गं?"

शशिकलाला रडू फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका कप चहापायी तिनं चार जीव जन्माला घातले होते, आणि त्यांना पोटभर जेवण लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. तिनं पेन काढलं. खोडण्यासाठी टेकवलं, पण मुलीकडे बघून तिचा हात पुढे सरकेना.

मग तिनं चौथ्या नावाखाली पाचवं नाव लिहिलं, शशिकला पाटोळे. धंदा, पाहणी. घराच्या मिळकतीतले बारा हजार खोडून तिथं लिहिलं, चौदा हजार दोनशे. हा आकडा खरा होता, तिच्या पगाराचा.

भिंती जागच्या जागी थांबल्या. खिडकी राहिली. पाचही ताटांत वरण होतं, आणि ते हलत नव्हतं. म्हातारी पहिल्यांदाच सावकाश जेवली.

"बस आता, जेव," बायको म्हणाली.

शशिकला उठली. काळसेकर साहेबांना आकडा सांगून येते म्हणाली आणि दार ओढलं. ते बाहेरून कुलूपबंद होतं.

तिनं हाका मारल्या. बाहेर पाचाचा भोंगा झाला. साहेब कुणाला तरी म्हणाले, "पाटोळेबाई काही आल्या नाहीत. आता तुम्हीच बघा." पाहणीला आलेल्या नव्या माणसाच्या चपला घराभोवती फिरल्या, तीनदा कडी वाजली. शशिकला आतून दोन्ही हातांनी दार बडवत होती. चपला शेजारच्या ओट्याकडे गेल्या, रांगेतही अनसूयाकाकूच शेजारी होत्या. कपबशी वाजली.

"काकू, इथं कोण राहतं हो?"

"असतील पाच जण. लिहा की पाच."

"आणि मिळकत?"

"असेल दहा-पंधरा हजार. तुम्हीच काय ते लिहा."

बाहेर कागदावर पेन चाललं. मुलीनं शशिकलाचा पदर घट्ट धरला. ताटातलं वरण ओसरू लागलं.