मोरीच्या पोटात

“भाभी, ह्या तुमच्या मोरयेक कसलो उपास आसा?” किशोरीनं मोबाइल आरिफाच्या नाकासमोर धरला. “वरसभर कायच खावक नाय ती?”

कणकवलीच्या कॉलेजातली ही पोर समुद्रात कोण कोणाला खातं, त्याचं जाळं जोडत होती. मालवणच्या बंदरावर आरिफा माशांची पोटं फाडून सांगायची, किशोरी टिपायची. इसवणाच्या पोटात बांगडा, बांगड्याच्या पोटात कोळंबीची पिल्लं. आरिफाच्या सुरीची कीर्ती अशी, की तिनं म्हणे एका घोळीच्या पोटातून लग्नाची अख्खी पंगत काढली होती, आणि नवरदेव आतून अजून भात मागत होता. खोटं वाटलं तर शिरोडा गावात विचारून या.

पडद्यावर माशामाशांमधून रेघा धावत होत्या. फक्त मोरी, म्हणजे आपला शार्क, कोपऱ्यात एकटी. संध्याकाळी ही माहिती जगभरच्या अभ्यासकांना खुली व्हायची होती.

“मोरी मिया फाडूचंय नाय,” आरिफा म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, रफीकची, होडी उलटी सापडली. रफीक सापडला नाही. “मोरयेन गिळल्यान आसतलो,” कुणीतरी बोलून गेलं. तेव्हापासून टोपलीत मोरी दिसली की तिच्या पोटातून आरिफाला खोकला ऐकू येई. विडीचा. ओळखीचा.

“भाभी, मोरी खाल्लेला चार दिसांत पचयता. दोन वरसां झाली.”

“डोक्याक कळता गो. हातांका कळणा नाय.”

“गो भाभी,” लिलाव पुकारणारा लवू मध्येच ओरडला, “आमची मोरी काय हवा खावन जगता? जगाक कळांदे!” आणि त्यानं वावभर लांब मोरी तिच्यापुढे आपटली.

“रवांदे,” किशोरी म्हणाली. “मोरयेची जागा रिकामीच सोडतंय.”

आरिफा त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

“नको. रिकाम्या जागेत माणूस नको ता भरता.”

तिनं सुरी उचलली. मोरीच्या पोटातून खोकला आला. सुरी थांबली नाही. पोट उघडलं. तिनं आत बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

“काय गावला?”

“काय नाय.”

बंदराला वाटलं, सुटली बाई. पण तिचा हात आतच होता, अजून चाचपत. भीतीच्या तळाशी एक आशाही दडून बसली होती, ती तिला आत्ता कुठं कळली.

“पोट रिकामा, ह्या पण लिवचा लागता,” किशोरी हळूच म्हणाली.

“लिव. आणि धाड.”

किशोरीनं धाडलं.

“लवू, गोडा पाणी आण. खारा नको.”

लवूनं हंडा आणला. आरिफानं मोरी कुशीवर वळवली. गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालतात तसं आधी उजव्या अंगावर पाणी सोडलं, मग डाव्या. तळहातानं, हळू, ओठांत पुटपुटत.

“केवढ्याक रे ती?” एका गिऱ्हाइकानं विचारलं.

लवूनं खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि मोरीवर पांघरला.