मुहूर्तावरची सही

इसवी सन दोन हजार पंचवीस, डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. स्थळ नवी मुंबईतील बेलापूर, एका शासकीय इमारतीच्या पाचव्या मजल्यावरील खाडीकाठ भूनोंद कक्ष. अधीक्षक श्यामसुंदरराव यांच्या नऊ वर्षांच्या भांडणाचा निकाल या दिवशी, या ठिकाणी लागायचा होता.

भांडण कोणा माणसाशी नव्हते. ज्या परदेशी व्यवस्थेवर कचेरीतले सारे संगणक चालत आणि जिला सगळे नुसते ‘सिस्टिम’ म्हणत, तिच्याशी होते. घर आपले, कागद आपले, आणि दाराचे कुलूप मात्र सातासमुद्रापलीकडच्या कारागिराचे. त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे की नाही हे विचारायचीही सोय नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बैठकीत एका वरिष्ठाने हसत विचारले होते, “अहो, जासईच्या सातबाऱ्यात परक्या हेराला काय सापडणार?” श्यामसुंदररावांनी न हसता उत्तर दिले होते, “काय शोधायचे ते हेराने ठरवावे, साहेब. काय दिसू द्यायचे ते आपण ठरवायला हवे.” त्यानंतर त्यांना बैठकीला बोलावणे बंद झाले. त्यांनी बावीस पानांचे टिपण लिहून धाडले आणि ते कुठल्याशा कपाटात धूळ खात पडले.

मग वारे फिरले. एकामागून एक देशांची सरकारे परक्या यंत्रणा आपल्या कचेऱ्यांतून काढू लागली. इकडेही परिपत्रक निघाले, टिपणावरची धूळ झटकली गेली आणि महिन्यापूर्वी या कक्षाचे अकराही संगणक देशी सिस्टिमवर आले. आजच्या तपासणीत कक्ष ‘सुरक्षित’ ठरला, तर ते टिपण विभागातल्या चाळीस कचेऱ्यांना लागू व्हायचे होते. नाही ठरला, तर पुढची तपासणी सहा महिन्यांनी. आणि श्यामसुंदरराव जानेवारीअखेर निवृत्त होणार होते.

तपासणीस आलेल्या वैदेही मॅडम तिशीच्या होत्या. दोन तास त्यांनी एकेक संगणक खालीवर केला आणि अखेर खुर्ची मागे सरकवली.

“यंत्रं उत्तम आहेत, सर. एवढी शिस्त मी दुसरीकडे पाहिलेली नाही.”

“शिस्त विचारू नका मॅडम,” लिपिक कुलदीप म्हणाला, “संगणकाला मोबाइल चार्जिंगला लावला म्हणून सरांनी माझ्याकडून लेखी माफीनामा घेतला होता. पेढे मागवू का, सर?”

“थांबा जरा. तुमच्या टिपणातलं कलम सतरा राहिलंय,” वैदेही म्हणाल्या.

श्यामसुंदररावांना ते पाठ होते. बावीस पानांत त्यांना सर्वांत प्रिय कलम तेच. ‘ज्या यंत्राची नोंदवही आपणास वाचता येत नाही, ते यंत्र आपले नव्हे. यास्तव प्रत्येक डिजिटल सहीची वेळ नोंदली जावी आणि ती नोंदवही तपासणीसाने स्वतः वाचावी.’ जुन्या यंत्रणेची वही कुणी उघडून पाहिली नव्हती. देशी सिस्टिममध्ये ती एका कळीसरशी पडद्यावर येत होती.

“एक ते आठ डिसेंबर,” वैदेही वाचू लागल्या, “कक्षाचे अधिकारी धनाजी साहेब यांच्या सहीनं सत्तेचाळीस नोंदी मंजूर झाल्यात. साहेब आहेत कुठे?”

“रजेवर. गुरुवारी येतील,” कुलदीप म्हणाला.

“कधीपासून?”

उत्तर देण्याची गरज उरली नाही. समोरच्या फळ्यावर टाचणीने लावलेली लग्नपत्रिका वैदेहींना दिसली होती. त्या उठून फळ्यापाशी गेल्या.

“साहेबांच्या मुलीचं लग्न, सातारा. चार डिसेंबर, शुभमुहूर्त दुपारी बारा पस्तीस.” त्या पडद्याकडे वळल्या. “आणि इथे चार डिसेंबर, बारा छत्तीस. मौजे जासई, वारस नोंद, अर्जदार रंगूबाई. म्हणजे मुलीवर अक्षता पडत असताना साहेब जासईची नोंद मंजूर करत होते?”

“साहेब भारी सिन्सियर आहेत, मॅडम,” कुलदीप घाईने म्हणाला. “लॅपटॉप घेऊनच गेले होते.”

“मांडवात?”

“एका हातात अक्षता, एका हातात माउस,” कुलदीपने सांगून टाकले आणि त्याचे त्यालाच ते फार झाल्यासारखे वाटले.

वैदेही हसल्या नाहीत. “सही कुठून झाली ते या वहीत दिसत नाही, फक्त वेळ दिसते. अधीक्षकांनी लेखी दिलं की साहेबांनी साताऱ्याहून सह्या केल्या, तर मी ते मान्य करीन. माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही. काय लिहू, सर?”

श्यामसुंदररावांचा हात टेबलाच्या वरच्या ड्रॉवरवर होता. आत लाल दोऱ्यात ओवलेले, संगणकाला लावून डिजिटल सही करायचे बोटभर डोंगल होते आणि त्याच दोऱ्यात स्वच्छतागृहाची किल्ली होती. कक्षात सगळे त्या डोंगललाच ‘साहेबांची सही’ म्हणत. ‘सही जरा इकडे द्या,’ ‘सही कुणाकडे गेली?’ असे रोज चाले. पिन साहेबांच्या गाडीच्या नंबराचा, आणि गाडी तर खाली उभीच असे. साहेब बैठकांत असत, रजेवर असत. कार्यभार ठाण्याच्या अधिकाऱ्यांकडे जाई आणि तिथे फाईल आठ-आठ दिवस पडून राही. मग लोकांनी का तिष्ठावे? असा हा घरोबा कैक वर्षांचा होता. परक्या कारागिराच्या दुसऱ्या किल्लीवर बावीस पाने लिहिताना या ड्रॉवरात हात घालून त्यांनी कितीदा तरी खोडरबर काढला होता, पण शेजारचा लाल दोरा त्यांना कधी दिसला नव्हता.

चार तारीख त्यांना लख्ख आठवत होती. सकाळपासून रंगूबाई बाकावर बसून होत्या. नवऱ्यामागे नाव लागले नसते, तर शुक्रवारी, बारा तारखेला निघणाऱ्या, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडांच्या यादीतून त्या वगळल्या गेल्या असत्या. श्यामसुंदररावांनीच डोंगल लावले होते आणि गाडीचा नंबर टाकला होता. बाईंना आज नक्कल न्यायला बोलावलेही त्यांनीच.

“माजा नाव घेतला का कोनी?” दारातून आवाज आला. हातातली पिशवी छातीशी धरून रंगूबाई उभ्या होत्या. “कागुद झाला ना माजा?”

“झालाय, आजी, बसा तुम्ही,” कुलदीप म्हणाला. मग टेबलावर वाकून खालच्या आवाजात बोलला, “सर, टेन्शन काय आहे यात? दोन ओळी लिहा. तुमचं टिपण पुढे जाईल, आजींचा कागद टिकेल, साहेबांचंही नाव राहील. तुम्ही कोणाचं वाईट केलंय का?”

वाईट कुणाचेच केले नव्हते. श्यामसुंदररावांनी दोन ओळी मनात जुळवूनही पाहिल्या. त्या सहज जुळल्या, आणि नेमके तेच त्यांना खटकले. सातासमुद्रापलीकडच्या त्या कारागिरानेही असेच विचारले असते, की मी तुमचे काय वाईट केले? त्याला आपण काय उत्तर देणार होतो?

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि लाल दोरा डोंगल-किल्लीसकट टेबलावर ठेवला.

“साहेब एक तारखेपासून रजेवर आहेत. सह्या त्यांनी केल्या नाहीत. काही कुलदीपने केल्या, बऱ्याचशा मी. बारा छत्तीसची माझी.”

“सर!” कुलदीप म्हणाला.

वैदेहींनी डोंगल उलटून पाहिले. “मग सत्तेचाळीसही नोंदी स्थगित कराव्या लागतील. साहेब गुरुवारी स्वतः तपासून सह्या करतील, तोवर नक्कल देता येणार नाही.”

“मंजे माजा कागुद खोटा हाय?” रंगूबाई आत आल्या.

“नोंद खरी आहे, बाई. सही खोटी होती. ती मी केली.”

“तुमचा नाव कुठं हाय कागदावर?”

“नाही.”

“मंग तुमी का केली? मी सायबाची सई मागाया आलेली. तुमी बोलला असता का सायेब नाय, तर मी ठाण्याला गेले असते. पाय हायेत मना.” पिशवी त्यांनी दुसऱ्या काखेला मारली. “बेस्तरवारी सायेब येनार, नक्की?”

“गुरुवारी अकरा वाजता. मी दाराशी उभा असेन. शुक्रवारच्या आत तुमचे नाव यादीत जाईल, हे मी स्वतः पाहीन.”

“बगू,” म्हणून त्या निघाल्या. जाताना त्यांनी त्या लाल दोऱ्याकडे असे पाहिले, जणू चोर पकडला पण मुद्देमाल फारच किरकोळ निघाला.

वैदेहींनी तपासणीचा शेरा टाइप केला. मग पडदा श्यामसुंदररावांकडे वळवला. “बघा, सर, चालेल का? शक्य तेवढं सौम्य लिहिलंय. एवढ्यावर कदाचित टिपण अडणार नाही.”

श्यामसुंदररावांनी चष्मा लावला. ‘सदर कक्षात स्वाक्षरी-साधनाच्या हाताळणीसंदर्भात काही बाबी सुधारणेस पात्र असल्याचे निदर्शनास आले असून, कक्ष सुरक्षिततेच्या निकषांस अंशतः उतरतो.’

त्यांनी ते दोनदा वाचले. बत्तीस वर्षे अशी वाक्ये त्यांच्या टेबलावरून गेली होती आणि प्रत्येकाशी ते भांडले होते.

“हे खोडा.”

“का? चूक काय आहे यात?”

“एवढ्या मोठ्या वाक्यात एकही माणूस नाही. काही बाबी निदर्शनास आल्या म्हणे! काय आले, आणि कोणाच्या? चाळीस कचेऱ्यांत असे चाळीस ड्रॉवर आहेत. हे वाचून त्यांतला एकही उघडणार नाही.”

“आणि तुमचं टिपण, सर? नऊ वर्षं...”

“टिपण बरोबरच आहे. त्यावर माझ्याशी कुणीही वाद घालावा. फक्त कलम अठरा लिहायचे राहिले होते, आपल्याच ड्रॉवरातल्या किल्लीचे, ते आज कळले. ते मी लिहून ठेवीन. सहा महिन्यांनी या खुर्चीत जो असेल त्याच्या कामी येईल.” त्यांनी दोऱ्यातून स्वच्छतागृहाची किल्ली सोडवून कुलदीपच्या हातात दिली आणि डोंगल पाकिटात घालून पाकीट बंद केले.

वैदेहींनी मजकूर पुसला. “सांगा मग. काय लिहू?”

“लिहा : अधीक्षकांनी अधिकाऱ्यांची सही वापरली. कार्यालय सुरक्षित नाही.”