पऱ्हाटीची काडी आणि रुंद चप्पल

मी चप्पल बोलतेय. इकडेतिकडे काय बघता, जरा खाली बघा! डाव्या पायाची मी, पलीकडे उजवी माझी बहीण. ती कमी बोलते. मला मात्र कोणाच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. दारात बसणारीला एवढा हक्क असायलाच हवा.

जन्म माझा कारखान्यातला. पुढून ऐसपैस, वर मऊ कापडाचा पट्टा, त्याला चिकटपट्टी, म्हणजे हवा तेवढा सैल करा. टाच बेताची. रंग तपकिरी. रंगावर काही बोलू नका, तो माझ्या हातात नव्हता.

हिंगणघाटला चंद्रभानच्या दुकानात आले आणि वरच्या फळीवर धूळ खात बसले. कॉलेजच्या पोरी बघून हसायच्या, "अवं माय, हे तं बदकाची चप्पल दिसून राह्यली!" पण वरून दुकान छान दिसायचं. माणसं चप्पल घेताना पायाकडे बघतच नाहीत, आरशाकडे बघतात. पाय आतून ओरडत असतो आणि तोंड म्हणतं, "होईल सैल घालून घालून."

एक दिवस बबनराव आले. गावाकडचे कास्तकार, कापसाची शेती, मुलाचं लग्न ठरलेलं, स्वारी खुशीत. खिशातून काय काढलं असेल? पऱ्हाटीची काडी! कापूस वेचून झाल्यावर वावरात उभी राहते ना, तीच. बायकोच्या, म्हणजे कोकिळाबाईंच्या पावलाएवढी मोडून आणलेली. घरच्या बाईच्या चपलेचं माप असंच यायचं.

"या मापाची चमकीवाली द्या. वरमाय हाय म्हटलं ते!"

चंद्रभाननं एका सोनेरी, टोकदार चपलेत काडी ठेवली. बरोब्बर बसली. बसणारच. काडीला कुठं अंगठा असतो?

थोड्या दिवसांनी बबनराव ती चप्पल घेऊन परत. या वेळी काडी बोटभर लांब. दुसरी चप्पल गेली, तीही आली. मागून फटफट वाजायची आणि पुढून तशीच चावायची. "पायच नखऱ्याचा हाय तिचा," बबनराव कपाळाला हात लावून म्हणाले.

तिसऱ्या वेळी काडी आलीच नाही. खुद्द कोकिळाबाई आल्या. आल्या कसल्या, शेजारच्या नलूबाईंनी हाताला धरून आणल्या. तेही संध्याकाळी, दिवसभराच्या कामानं पाय फुगल्यावर. सकाळी घेतलेली चप्पल संध्याकाळी आवळते, असं नलूबाईंचं म्हणणं. या बाई मला बघताक्षणी आवडल्या. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी चंद्रभानच्या सुनेची, तिच्या बाळाची आणि बाळाच्या दाताची चौकशी केली.

कोकिळाबाई बाकावर बसल्या आणि पाय साडीत ओढून घेतले.

"दाखव न व पाय."

"राहू दे. बेकार दिसते ते."

"चंद्रभानभाऊ तुले पाह्यले आले का? सोयरीक तं पोराची जुळली!"

चंद्रभान हसला, कोकिळाबाईही हसल्या, आणि हसता हसता पाय बाहेर आला. अंगठा शेजारच्या बोटांवर कललेला, त्याच्या मुळाशी बाजूला आलेलं हाड, सुपारीएवढं, लालबुंद.

"वरातीत मले गाडीत बसवून राह्यले," त्या हळूच म्हणाल्या. "एकच पोरगा माहा ऋतिक. मले नाचाचं हाय व नलू."

मग आम्ही दोघी फळीवरून उतरलो. नलूबाईंनी आधी माझ्या पोटात हात घालून चाचपलं, कुठं शिवण टोचते का. मग कोकिळाबाई दोन्ही पायांत आम्हाला घालून उभ्या राहिल्या, दुकानभर फिरल्या. ते दुखरं हाड माझ्या मऊ पट्ट्याखाली निवांत टेकलं.

"काऊन व, चावते का?"

"नाई. पायाले कोणी धरूनच नाई ठेवलं असं वाटते. पण रंग पाह्य न हिचा!"

"रंगाचं मी पाह्यतो."

आणि नलूबाईंनी घरी नेऊन माझ्या पट्ट्याच्या कडेला सोनेरी गोट शिवला. हाडाला टोचेल तिथं नाही हं, बाजूनं. आरसा दाखवला असता तर लाजलेच असते.

लग्न केळझरला. बँड सुरू झाला तशा कोकिळाबाई गाडीचं दार उघडून उतरल्या. बबनराव ओरडले, "अवं, पाय दुखन!" तोवर आम्ही नाचत होतो. माझ्यावर धूळ उडाली, एका पाहुण्यानं मला तुडवलं, पण मी पट्टा सोडला नाही.

मांडवाच्या दारात आम्हाला काढून ठेवलं आणि घात झाला. नवरीची बहीण अंकिता नवरदेवाचे जोडे लपवायला टपली होती, पण ते ऋतिकचा मित्र मांडीवर घेऊन बसलेला. मग तिनं आम्हालाच उचललं आणि गाद्यांच्या ढिगात कोंबलं. तिथूनही मला सगळं ऐकू येत होतं, आणि फटीतून दिसतही होतं.

"मावशी, आता माही सँडल घाला अन् चला जेवाले!" अंकिता म्हणाली, तशा बाकीच्या पोरी खिदळल्या.

पाहुण्यांचा घोळका बघत होता. मला वाटलं, त्या म्हणतील, राहू दे, अनवाणी जातो, आणि पाय पुन्हा साडीत ओढतील.

पण कोकिळाबाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, साडी घोट्यापर्यंत वर केली आणि पाय सगळ्यांसमोर लांब केला.

"घाल पोरी तुही सँडल. बसली तं तुही चप्पल माही!"

अंकितानं सँडल पाठीमागं नेली. तेवढ्यात नवरीची आई, अनुसयाबाई, गर्दीतून पुढे आल्या. त्यांनीही आपली टोकदार चप्पल काढली.

"हे पाहा, इहीणबाई. माह्या बी पायाले तेच हाय. सकाळपासून जीव चालला."

दोघी विहिणी पायाला पाय लावून बसल्या. कोणाचं हाड मोठं यावर वाद झाला. आम्हाला गाद्यांतून काढलं, तर अनुसयाबाईंनीच घालून पाहिलं आणि काढायचं नावच घेईनात. जेवणं त्यांनी माझ्यातच उरकली!

आता माझी कडा झिजलीय, गोट एका बाजूनं सुटलाय. तरी दारातली पहिली जागा माझीच. परवाच अनुसयाबाईंनी निरोपासोबत माप पाठवलं, पऱ्हाटीची काडी. कोकिळाबाईंनी ती मोडून चुलीत घातली.

"पाय घेऊन या म्हना त्याइले," त्या म्हणाल्या. "दोन दिवस राहाले. सांजच्याले आपण हिंगणघाटले जाऊ."

तुमच्याही पायाला असं काही असेल, तर लपवू नका बाई. या, बसा. आणि दारात चपला काढताना माझ्या शेजारी काढा. मला जरा विचारपूस करायची असते.