साखर पांघरलेली फळं

एकोणीस वर्षं मी त्या हॉटेलात भाज्या चिरल्या. मोठे आचारी मला 'विळी' म्हणत, आणि ते प्रेमाने नव्हे. गोडाचं टेबल सांभाळणारी बाई अचानक नोकरी सोडून गेली, दुसरी कोणी मिळेना, तेव्हा नाक मुरडत त्यांनी मला बोलावलं. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. त्यांच्या मेजवानीत मधोमध साखर चढवलेल्या फळांचा मनोरा हवा होता.

"जमलं तर गोडाचं टेबल तुझं. नाही जमलं, तर पुन्हा ते नाव काढायचं नाही," ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी मी द्राक्षं, आलुबुखार, छोटे पेअर घेतले. प्रत्येकावर ब्रशने डिंकाचं पातळ पाणी लावलं, वरून बारीक साखर चाळणीने भुरभुरली आणि जाळीवर वाळत ठेवली. अशी देखणी फळं मी जन्मात केली नव्हती. खुशीत घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर जाळ्या रिकाम्या! भांडारघर सांभाळणारे कुलूपकाका छाती फुगवून पुढे आले. "उघडी पडली होती गं. रात्रभरात नासली असती. शीतगृहात ठेवली." थंड फळं बाहेर काढली आणि त्यांना घाम फुटला. बघता बघता साखरेचा पाक झाला. मी काकांना काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

"प्लास्टिकची आणू बाजारातून," आचारी म्हणाले.

"पाहुणे एक वाजता येणार ना? तोवर मला हाक मारायची नाही."

फळं धुतली, एकेक द्राक्ष कोरडं पुसलं, पुन्हा डिंक, पुन्हा साखर. अकरा वाजले. पण स्वयंपाकघरात वाफेचे ढग, साखर सुकायचं नाव घेईना. मी अगदी रडकुंडीला आले.

तेवढ्यात हॉटेलच्या इस्त्रीखान्यातली माझी नणंद टेबलक्लॉथ द्यायला आली. एका प्रेशर कुकरवरून आमचं चार महिने बोलणं बंद होतं. तिने फळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, रडायला नंतर भरपूर वेळ आहे. जाळ्या उचल."

इस्त्रीखान्यात कोरडी, खरपूस गरमी. तिने चादरींचा कप्पा रिकामा केला, पंखा वळवला. पाऊण तासाने मी एका आलुबुखारवर नख मारलं. टक्क! आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसलो. कुकर तिलाच देऊन टाकला मी, मनातल्या मनात.

एक वाजता मनोरा उभा होता. पन्नास वर्षांपूर्वीची नवरी टेबलाशी थबकली. तिने एक द्राक्ष हळूच तोडून तोंडात टाकलं आणि ओरडली, "अगंबाई, खरं आहे हो!" सगळे पाहुणे गोळा झाले. "कोणी केलं हे?"

मोठे आचारी घसा खाकरून पुढे सरकले. "आमच्या स्वयंपाकघराने..."

"मी केलं," मी म्हटलं. हातातली ताटली खाली ठेवून पुढे झाले. "आणि माझ्या नणंदेने सुकवलं."

टाळ्या वाजल्या. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा. माझी मान आपोआप ताठ झाली, आणि मी ती तशीच ठेवली.

आचारी कानाशी येऊन पुटपुटले, "बरं. उद्यापासून गोडाचं टेबल तुझं."

"आजपासून," मी म्हटलं.