राणीचा हिरवा चुडा

अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तेव्हापासून जरिनाभाबी आष्ट्याच्या दुकानात नुसती बसून असे. दुकान सून मिस्बाह चालवायची; मापाच्या धातूच्या बांगड्या विकायची. गिऱ्हाईक आपल्या हातानं घालून मोकळं! त्यात कसब ते काय? घट्ट मापाची काचेची बांगडी भरायची तर पंजा दाबावा लागतो, आणि ते मिस्बाहनं कधी मनावर घेतलं नव्हतं. आपल्याबरोबर ही विद्याही मातीत जाणार, याची जरिनाला फार खंत होती.

एक दिवस सुलाबाई नात राणीला घेऊन आली. माणदेशातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायची, तेव्हापासूनची ही मैत्रीण. हात भरायला बसली की जरिना चिडवायची, "सुलाक्का, मेंढरं राखतीस का दगड फोडतीस गं?" सुलाबाई खदखदून हसायची, हात सैल पडायचा आणि बांगडी अलगद आत जायची. काय दिवस होते ते!

"भाबी, राणीचा चुडा तुज्याच हातनं भरायचा."

"आता हात कुठं ऱ्हायलाय मला?"

"डावा हाय न्हवं?"

पण एका हातानं बांगडी चढत नाही. डाव्यानं दाबायचं, उजव्यानं सरकवायचं. शिवाय लग्नाच्या चुड्यातली काच फुटली, तर नवरीच्या मनाला कायमची रुखरुख. जरिनानं मिस्बाहला शेजारी बसवलं. "मी दाबते, तू सरकव."

पहिलीच बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडली. मिस्बाहनं जोर लावला, काच करकरली. राणीनं डोळे मिटून घेतले.

"जोर न्हाई लावायचा," जरिना म्हणाली आणि राणीकडं वळली. "काय गं, नवऱ्यानं हात धरला तरी अशीच आवळून धरणार व्हय?"

राणी लाजून हसली. बांगडी मनगटात उतरली.

मग एकेक चढू लागली. दुसऱ्या हाताला मिस्बाहच राणीची थट्टा करू लागली. मिस्बाहचा डावा अंगठा आपसूक राणीच्या सांध्यावर गेला होता. जरिनानं हळूच आपला हात काढून मांडीवर ठेवला. तिला आनंद झाला.

चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणं राणी जरिनाच्या पाया पडायला वाकली. जरिनानं पाय आखडून घेतले. "माझ्या न्हाई. जिनं भरला तिच्या पड."

मिस्बाह चपापली. "आम्मी, तुमी हात कवा काढला?"

"तू हिला हसवाय लागलीस, तवाच."