भरतीत बुडणारा खडक

मी एक जुनी लाँच आहे. बहारीनमध्ये सित्राच्या किनाऱ्यावर वाळूत आडवी पडले आहे. माझ्या कुशीवर सात ठिगळं दिसतात ना? ती बंदुकीच्या गोळ्यांची भोकं. मित्रांनो, ती मी फार मिरवली, हीच माझी चूक.

१९७४ साली मला बांधलं. मालवणचे दाजी माझे तांडेल, म्हणजे कप्तान, आणि रत्नागिरीचा इशरत इंजिन सांभाळणारा. बारा वर्षं आम्ही कामगार, सिमेंट आणि गोडं पाणी वाहिलं. रोज सकाळी दाजी मला हात जोडत. "माझी लक्षुमी ती," म्हणत.

बहारीन आणि शेजारचं राज्य, दोन्हीकडे अमीरांचं राज्य, दोन्हीकडे तेल. तरी मधल्या समुद्रातल्या एका खडकावरून त्यांचं हाडवैर. भरती आली की तो खडक पाण्याखालीच जाई! त्यावर भराव घालून बहारीन चौकी बांधत होतं आणि सामान आम्ही नेत होतो.

१९८६च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यांची हेलिकॉप्टरं आली. शिपायांनी माझ्यावर गोळ्या झाडल्या. दाजींनी हात वर केले, तरी एका अधिकाऱ्याने त्यांच्या थोबाडीत मारली आणि भर उन्हात गुडघ्यांवर बसवलं. पन्नाशी उलटलेला माणूस!

सतरा दिवस कैदेत ठेवून आम्हाला सोडलं. दोन्हीकडच्या बड्या लोकांनी टीव्हीवर गळाभेट घेतली.

"खलास, मिटलं," इशरत म्हणाला.

"तेंचा मिटला. माझ्या गालाचा काय?" दाजी म्हणाले.

मलाही तोच प्रश्न जाळत होता. माझी सात भोकं मी बंदराबंदरात मिरवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, बंद पडलेली मासेमारी होडी दिसली. तिच्यावर शेजाऱ्यांचा झेंडा होता. तिघेजण फडकी हलवत होते. दाजी जवळ गेले आणि ओरडले, "आता पिया खारा पाणी, मेल्यांनू!"

होडीतून उत्तर आलं, तेही मालवणीतच. "गाववाल्यांनू, थांबा! दोन दिस पाणी नाय!"

इशरतने पाण्याचा डबा उचलला. "दाजी, आपली माणसं आहेत. पोटासाठी तिकडे आलीत."

"झेंडो तेंचोच आसा," म्हणत दाजींनी सुकाणू फिरवलं.

खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. सुडाच्या त्या आनंदात मी दोन-तीन मैल धावले.

मग दाजींनी वेग कमी करायला सांगितलं. "इशरत, तेंनी माका गाववालो म्हटल्यानी रे."

आम्ही परत फिरलो. पण तोवर वायव्येचा शमाल वारा सुटला होता, धुळीने समुद्र दिसेना. वारा पडल्यावर तीन दिवस शोधलं. होडी सापडली नाही. आणि थोबाडीत मारणारा तो अधिकारी त्या तिघांत नव्हताच.

मित्रांनो, समुद्रात पाणी मागणाऱ्याचा झेंडा बघू नका. आधी पाणी द्या.

दाजी नोकरी सोडून गावी गेले. इशरत सांगतो, ते आता कोकण किनाऱ्यावरच्या गावागावांतून फिरतात आणि प्रत्येक दारात उभं राहून विचारतात, "तुमचो कोणी थंय होडीवर कामाक होतो काय?"